फोम मारला तरी जूनमध्ये ओल परत: आमच्या क्रॉल स्पेसचं दुखणं

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या हॉलमधल्या लाकडी फळ्यांच्या कडा वर उचलल्या जायच्या. अनवाणी चाललं की तळव्याला प्रत्येक सांधा टोचायचा. त्याच सुमाराला जिन्याखालच्या कपाटातून वास सुरू व्हायचा, ट्रंकेत ओलीच ठेवलेल्या गोधडीला येतो तसा. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की दोन्ही आपोआप बरं व्हायचं आणि आम्ही विसरून जायचो. असं चार वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी वैतागून फरशीखाली स्प्रे फोम (फवारला की फुगून घट्ट होणारं इन्सुलेशन) मारून घेतला, चांगले पैसे मोजून. चौथ्या जूनमध्ये फळ्या परत वर आणि वास आधीपेक्षा जास्त.

आमचं घर अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. १९९४ चं बांधकाम. आपल्याकडे घराला जोतं असतं, दगडमाती भरून धुम्मस केलेलं भरीव. इथल्या बऱ्याच घरांना तसं जोतं नसतं. चहूबाजूंनी काँक्रीटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत, तिच्यावर लाकडी तुळया, तुळयांवर प्लायवूड आणि त्यावर आपण. खाली दोन-तीन फुटांची पोकळी, जिच्यात नळ, गटाराचे पाइप आणि एसीचे डक्ट असतात. रांगतच जावं लागतं म्हणून क्रॉल स्पेस. तळाला उघडी माती, आमच्या भागात लाल चिकणमाती. भिंतीला जागोजागी जाळीचे झरोके.

या झरोक्यांपासूनच सुरुवात करते, कारण आम्ही इथेच चुकलो होतो. जुना बांधकाम नियम सांगायचा की दर १५० चौरस फूट मातीमागे १ चौरस फूट झरोका हवा. आमचं क्षेत्र १५०० चौरस फूट, म्हणजे १० चौरस फूट झरोके. अर्धा दरवाजा उन्हाळाभर उघडा टाकल्यासारखंच. मी चिपळूणची. ओल दिसली की हवा खेळती ठेवायची, हे आमच्या रक्तातच. पहिली दोन वर्षं मी दर एप्रिलला रांगत जाऊन सगळे झरोके झाडून, जाळ्या धुऊन मोकळे करून येत होते. ओल वाढवायचं काम मीच इमानाने करत होते!

गणित साधं आहे. आमच्याकडे जून-जुलैत बाहेर ३१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास, हे अगदी नेहमीचं. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, येतो २३ अंश. घराखालची माती आणि वर एसीने गार झालेली फरशी यामुळे क्रॉल स्पेसमध्ये तापमान २२ अंश. बाहेरची हवा आत आली, गार झाली, की तीच हवा १०० टक्के आर्द्रतेला पोचते. डक्टचा पत्रा तर त्याहून गार. त्याच्यावर थेंब धरतात, जसे थंड ताकाच्या तांब्यावर धरतात. पहिल्या वर्षी मी ते थेंब पाहून नळ गळतोय समजले आणि प्लंबर बोलावला. नळ ठणठणीत होता.

आईला फोनवर सांगितलं की झरोके बंद करणार आहे, तर म्हणाली, "अगं, वेड लागलंय का? कोंदट होईल सगळं." मी विचारलं, "आषाढात पापडाचा डबा उघडा ठेवतेस का, हवा खेळावी म्हणून?" पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "डबा वेगळा गं," एवढंच. पण मुद्दा पोचला. ज्या ऋतूत बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते, त्या ऋतूत झरोका ओल आणतो, नेत नाही.

हे माझं एकटीचं डोकं नाही. आमच्यापासून दीड तासावर प्रिन्सव्हिल नावाचं गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेलं आणि १९९९ च्या फ्लॉइड वादळात पाण्याखाली गेलेलं. तिथे नव्या बांधलेल्या १२ सारख्या घरांवर आमच्या शेजारच्या रॅले शहरातल्या 'अॅडव्हान्स्ड एनर्जी' या संस्थेने प्रयोग केला. चार घरं झरोकेवाली, चार बंद करून फरशीला इन्सुलेशन, चार बंद करून भिंतीला इन्सुलेशन. बंद क्रॉल स्पेस उन्हाळ्यात कोरड्या राहिल्या, झरोकेवाल्या ओल्या, आणि बंदवाल्यांचा हीटिंग-कूलिंगचा वीजवापरही १५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी निघाला. हे आधी वाचलं असतं तर पुढचा खर्च वाचला असता.

आता फोमकडे. फोम दोन जातींचा. ओपन सेल म्हणजे ढोकळा: मऊ, जाळीदार, दाबला की दबतो, इंचाला आर-३.५ च्या आसपास (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकी जास्त). हवा अडवतो, पण वाफ त्यातून आरामात जाते. क्लोज्ड सेल कडक, थर्माकोलच्या जाड पाटीसारखा. इंचाला आर-६ ते ७, आणि दीड-दोन इंच जाडीला वाफही बऱ्यापैकी अडवतो. कंत्राटदाराने आमच्या तुळयांच्या मधे फरशीच्या खालच्या अंगाला ओपन सेल मारला. स्वस्त पडतो म्हणून आम्हीही हो म्हटलं. झरोके उघडेच, माती उघडीच. त्याने एकदाही मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल मोजायचं यंत्र, बाहेर काढला नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

मग झालं काय? खालच्या दमट हवेतली वाफ फोममधून वर सरकली आणि एसीने गार झालेल्या प्लायवूडला जाऊन चिकटली. पूर्वी ते प्लायवूड निदान हिवाळ्यात खालून उघडं असायचं, वाळायचं. आता त्याच्यावर रजई. दक्षिण लुइझियानात न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज भागातल्या घरांचा असाच अभ्यास झाला आहे (योगायोगाने तिथेही १२ घरं). निष्कर्ष आमच्या फरशीने दिला तोच: एसीचं घर, उघडी पोकळी आणि वाफ जाऊ देणारा फोम असा मेळ जमला की उन्हाळ्यात फरशीचं लाकूड ओलावतं, आणि वर व्हिनाइलसारखं (प्लॅस्टिकचं) वाफ न सोडणारं आवरण असेल तर आणखीच.

म्हणजे फोम हा पदार्थ वाईट नाही. पण फोम वाळवत नाही, आणि ओलीचा उगम शोधायच्या आधी मारला तर तो फक्त झाकण घालतो. तुम्ही आत्ता कोटेशन मागवत असाल तर पुढचे दोन आठवडे थांबा आणि आधी मोजा.

मी काय मोजलं ते सांगते. दवबिंदू दाखवणारे तीन छोटे आर्द्रतामापक घेतले, फोनला जोडता येणारे. एक क्रॉल स्पेसच्या मधोमध तुळईला टांगला, एक पोर्चवर सावलीत, एक हॉलमध्ये. आर्द्रतेच्या टक्क्यांकडे बघू नका. तापमान बदललं की ते बदलतात आणि दिशाभूल करतात. दवबिंदू बघा, कारण तो हवेत खरोखर पाणी किती आहे ते सांगतो.

खालचा आणि बाहेरचा दवबिंदू दिवसभर जोडीने वर-खाली होत असेल तर ओल हवेतून येतेय, झरोक्यातून किंवा फटींतून. खालचा दवबिंदू बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तर पाणी खालीच कुठेतरी तयार होतंय: उघडी माती, गळका पाइप, एसीच्या पाण्याची सुटलेली नळी, किंवा कपडे वाळवायच्या मशीनचा निसटलेला पाइप. हा शेवटचा प्रकार आमच्या ओळखीतल्या दोन घरांत सापडलाय. दर धुण्यामागची सगळी वाफ थेट घराखाली. आणि खालचा दवबिंदू चांगला कमी आहे, तरी एखाद्याच जागी लाकूड ओलं, तर वर बघा. बाथरूम, डिशवॉशर, फ्रिजची बर्फाची नळी.

आमच्याकडे कोरड्या दिवसांत दोन्ही आकडे बरोबर चालायचे, म्हणजे झरोके. पण जोराच्या पावसानंतर खालचा आकडा दोन अंश वर जाऊन दोन दिवस तिथेच बसायचा. दोन चोर निघाले. दुसरा सापडायला एक जुनी युक्ती उपयोगी पडली. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा मातीवर पसरून कडा विटांनी दाबल्या आणि दोन दिवसांनी पाहिलं. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर माती पाणी सोडतेय, वरच्या बाजूला असतील तर हवा. ईशान्येच्या कोपऱ्यात खालची बाजू न्हाऊन निघाली होती. भर पावसात छत्री घेऊन त्या कोपऱ्याबाहेर उभी राहिले तेव्हा दिसलं: छपराच्या पन्हळीचा उभा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच पाणी ओततोय आणि तिथली जमीन घराकडे उतरती. ठोकळ्यांच्या भिंतीला आतून पांढरी खार फुटली होती. ती मी इतकी वर्षं चुन्याचे डाग समजत होते.

लाकडासाठी सुयांचा मॉइश्चर मीटर लागतो. फोम असेल तर लांब सुयांचा, म्हणजे फोममधून खुपसून प्लायवूडपर्यंत पोचतो. १५ टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत. २० च्या वर गेलं की बुरशीला आणि कुजण्याला आमंत्रण. आमच्या हॉलखाली जूनअखेर २३ लागत होतं.

तेव्हा फोम काढायचं ठरलं. ओपन सेल काढता येतो एवढं त्याचं भाग्य. पाव कापायच्या लांब दातेरी सुरीने तुळईच्या दोन्ही अंगांनी कापत गेलं की चौकोनी लाद्या सुटतात. पहिली लादी सुटून माझ्या छातीवर पडली ती अपेक्षेपेक्षा जड होती, वरच्या अंगाने थंडगार आणि ओली. वरच्या प्लायवूडवर मोहरीएवढे काळे ठिपके, ओळीने. आडवं पडून, डोक्याला दिवा, नाकाला मास्क, कोपर चिखलात. तीन शनिवार-रविवार गेले. क्लोज्ड सेल असता तर खरवडून काढावा लागला असता, आणि ते काम मी घेतलंच नसतं.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केलात तर परत इथेच याल. आधी बाहेरचं पाणी. उभ्या पाइपला १० फुटांची वाढ जोडली आणि भिंतीलगत माती भरून उतार बाहेर केला. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हा इथला नियम, आणि तो पुरतो. ज्यांच्याकडे तळात पाणी साचतं त्यांना आत चर आणि सम्प पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा) लागेल, आम्हाला लागला नाही.

मग माती झाकली. नियमाला ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं पॉलिथीन चालतं, पण त्यावर गुडघ्याने रांगलं की फाटतं. आम्ही १२ मिलचं घेतलं. दोन पट्टे एकमेकांवर फूटभर चढवून टेपने बंद, खांबांभोवती गुंडाळून, भिंतीवर चढवून. अंथरायच्या आधी खालचे खिळे, विटांचे तुकडे, १९९४ च्या गवंड्याने टाकलेल्या सोड्याच्या बाटल्या सगळं वेचलं. एक टोकदार खडा राहिला तरी तिथे भोक पडतंच.

मगच झरोके बंद, फोमच्या पाटीचे तुकडे कापून बसवून आणि कडा सील करून. इथे तीन गोष्टींना फाटा देऊ नका. तुमचा गॅसचा बंब किंवा घर तापवायची भट्टी क्रॉल स्पेसमध्येच असेल आणि जळण्यासाठी तिथलीच हवा ओढत असेल, तर झरोके बंद करणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणं. आधी यंत्र बदला किंवा त्याला बाहेरून स्वतंत्र हवा द्या. दुसरं, पूरक्षेत्रातल्या घरांना पाणी आत-बाहेर जाण्यासाठी उघडी भोकं कायद्याने लागतात, ती बुजवता येत नाहीत. तिसरं, बंद केल्यानंतर रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी करून घ्या. ४ पिकोक्युरी प्रति लिटरच्या वर गेलं तर उपाय करावा लागतो.

नुसतं बंद करूनही भागत नाही, आत आलेली थोडीफार वाफ काढायला काहीतरी हवं. एक मार्ग म्हणजे एसीच्या डक्टमधून थोडी कोरडी हवा खाली सोडणं, देशाच्या नमुना बांधकाम नियमाच्या हिशेबाने दर ५० चौरस फुटांना मिनिटाला १ घनफूट. आम्ही डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घेतला, ५० टक्के आर्द्रतेवर लावलेला, पाणी पंपाने थेट बाहेर. पहिल्या आठवड्यात पंपाची नळी कधी थांबलीच नाही. साडेपाच आठवड्यांनी प्लायवूड १५ वर आलं.

आणि तेव्हा कुठे फोम, या वेळी भिंतीला. दोन इंच क्लोज्ड सेल. क्रॉल स्पेस बंद केली की ती घराचाच भाग होते, मग उबेची सीमा फरशीवर न ठेवता भिंतीवर आणायची. डक्ट आणि नळही त्या सीमेच्या आत येतात. हिवाळ्यात पाय गारठायचे तेही थांबलं, ते फुकटात.

दुसऱ्या वेळी मी कंत्राटदाराच्या मागेच उभी राहिले, म्हणून फोम कुठे बिघडतो ते थोडं कळलं. दोन पिंपांतली रसायनं, एकात आयसोसायनेट आणि दुसऱ्यात रेझिन, तापवून बंदुकीच्या तोंडाशी सारख्या प्रमाणात मिसळतात. प्रमाण चुकलं की सगळं फसतं. एक रसायन जास्त झालं तर फोम काचेसारखा ठिसूळ, नखाने भुगा होतो. दुसरं जास्त झालं तर चिकट, मऊ राहतो आणि सुकटीसारखा वास येत राहतो. आठवड्यानंतरही असा वास येत असेल तर लिंबाएवढा तुकडा कापून काचेच्या बरणीत घालून उन्हात ठेवा आणि तासाभराने झाकण उघडून हुंगा. बरणीत वास भरला असेल तर दोष फोममध्येच आहे आणि तो वारा देऊन जाणार नाही. कापून काढावा लागतो. फोम भिंतीपासून सुटून मधे फट दिसत असेल तर बहुधा मारताना भिंत ओली किंवा गार होती. एका वेळी दोन इंचांपेक्षा जाड थर मारू देऊ नका. मिश्रण तापतं, आतून करपू शकतं, आग लागू शकते. जाडी हवी असेल तर मधे थंड होऊ द्यायचं.

मारताना घरात कोणी थांबायचं नाही, आम्ही २४ तास मैत्रिणीकडे गेलो. एसी बंद, खालच्या डक्टची तोंडं टेपने बंद. आयसोसायनेटने दमा जडू शकतो. मारणारे लोक बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे घालून आत गेले होते. दोन टाक्यांची किट ऑनलाइन मिळतात ती नळाभोवतीच्या फटींना ठीक, पण तीन फूट उंचीच्या बंद पोकळीत सगळी भिंत स्वतः मारायच्या फंदात पडू नका. काम संपल्यावर मी विणायची सुई घेऊन वीस ठिकाणी जाडी मोजली. चार ठिकाणी सव्वा इंच निघाली, तिथे परत मारून घेतलं. फोम जळतो, म्हणून त्याच्यावर आगरोधक लेप लागतो की त्या फोमला लेपाशिवाय परवानगी आहे, हे कागद बघून विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका.

राहिली वाळवी. इथे मातीतून चढणारी वाळवी आहे आणि फोमच्या आडून ती लाकडापर्यंत पोचली तर कोणाला दिसत नाही. म्हणून भिंतीच्या माथ्याशी, लाकूड सुरू व्हायच्या आधी, ३ इंचांची उघडी पट्टी सोडायची. वाळवीच्या मातीच्या नळ्या तिथे दिसतात. पहिल्या कंत्राटदाराने कडेच्या तुळईवरही फोम चढवला होता, आणि वाळवी तपासणाऱ्या कंपनीने हमीचं नूतनीकरण तिथेच अडवलं होतं. आता कडेच्या तुळईला काढता-घालता येणारे फायबरग्लासचे तुकडे आहेत. तपासणीस आला की काढतो, बघतो, परत लावतो. फोम मारायच्या आधी तुमच्या वाळवीवाल्याला फोन करा, नंतर केला तर तो फक्त नकार द्यायला येतो.

या जूनमध्ये खालचा दवबिंदू १२ अंशांवर आहे, बाहेरचा २३. हॉलखाली प्लायवूड १२ टक्के. फळ्या जवळजवळ सपाट झाल्यात, दोन सांधे अजून लागतात पायाला. त्या घासायच्या आधी अख्खा एक उन्हाळा जाऊ द्या असं सुताराने सांगितलंय, कारण ओल्या असताना घासल्या तर वाळल्यावर मधे फुगतात.

एक जागा बाकी आहे. स्वयंपाकघराखाली जुना फोम मी काढला नाही, तिथे पाइपांच्या गर्दीत सुरी फिरत नाही. वर व्हिनाइल आहे. मीटर तिथे मे महिन्यात १८ दाखवत होता, काल १७. ऑगस्टअखेर परत सुया खुपसून बघेन, आणि आकडा उतरला नसेल तर आधी वरचं व्हिनाइल काढेन.